आठ दिवसांच्या शिबिरातून उद्योजक घडतात का? कळंबच्या सरांना सविस्तर उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातले निवृत्त मुख्याध्यापक. आसपासच्या चार-पाच गावांत बारावी, आयटीआय, बीए, बीएस्सी झालेली साठ-सत्तर पोरं रिकामी आहेत. काही पुण्याला जाऊन परत आलेली, काही भरतीचा अभ्यास करता करता तिशीला टेकलेली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चार लाख रुपये उभे केलेत आणि त्यातून आठ दिवसांचं निवासी उद्योजकता शिबिर घ्यायचं ठरतंय. तुम्ही विचारलंत, यानं बेकारी कमी होईल का, आणि अभ्यासक्रम काय ठेवावा?

नुसत्या शिबिरानं होणार नाही. सत्तर पोरं आठ दिवस बसवलीत तर नवव्या दिवशी सत्तर प्रमाणपत्रं हातात येतील. धंदे उभे राहतील दोन-तीन, आणि तेही बहुधा अशांचे, ज्यांचं काहीतरी आधीपासून अर्धवट चालू होतं. पण गावात चार लाख रुपये आहेत, पोरांना नावानं ओळखणारा माणूस आहे आणि तो माणूस निवृत्त, म्हणजे वेळ असलेला आहे, ही बाजू फार जमेची आहे. फक्त तो पैसा शिबिराच्या आठ दिवसांत जाळू नका. शिबिराआधीच्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या दोन वर्षांत तो लागणार आहे. मी गेली वीसेक वर्षं मराठवाड्यात हेच वर्ग घेतो, सरकारी योजनांतले आणि संस्थांचेही. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

आधी बेकारी म्हणजे नेमकं काय, ते बघू. २०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात देशाचा एकूण बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के. म्हणजे बेकारी मुख्यतः तरुणांची आहे. आणि आपल्या गावात नजर टाकलीत तर ती सगळ्या तरुणांचीही नाही. ज्याच्या घरी खायची भ्रांत आहे तो बेकार राहूच शकत नाही. तो दसऱ्यानंतर उचल घेऊन ऊसतोडीला जातो, नाहीतर मोंढ्यात हमाली करतो. बेकार तो राहतो ज्याच्या घरी चार-पाच एकर आहे, बाप अजून राबतोय आणि पोरगा शिकलाय. तो वाट बघतोय. भरतीची, मोठ्या शहरातल्या ओळखीच्या माणसाच्या फोनची, कशाची तरी. या वाट बघण्याला घराची मूक संमती असते. कारण भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोराला पाहुणे निदान विचारायला तरी येतात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलेल्या पोराला मुलगी द्यायला आजही लोक का-कू करतात. हा मुद्दा प्रशिक्षणाच्या कुठल्याच पुस्तकात नसतो, पण आपल्याकडे प्रत्येक वर्गात तो अदृश्यपणे बसलेला असतो.

म्हणून तुम्ही पोराला म्हणता, "धंदा कर," तेव्हा त्याला ऐकू येतं, "तुझं काही नोकरीचं जमणार नाही." अशा मनानं आलेल्या पोराला आठ दिवस प्रेरणेची भाषणं ऐकवून उपयोग नसतो. तेवढ्यापुरता तो टाळ्या वाजवतो.

आता या प्रशिक्षणाच्या मुळाकडे जाऊ, कारण तिथेच एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली असं मला वाटतं. 'उद्योजक घडवता येतो' हा विचार आपल्याकडे आला तो १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या प्रयोगातून. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तिथल्या लोकांना काहीतरी करून दाखवण्याची ईर्ष्या वाढवणारं प्रशिक्षण दिलं आणि पुढे त्यांचे व्यवसाय वाढलेले दिसले. मग १९७० मध्ये गुजरातेत उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीवरची संस्था झाली, आणि १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली. त्याचं मुख्यालय मुंबई-पुण्यात नाही, आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. मराठवाड्याला याचं थोडं अप्रूप हवं, पण ते असो. मुद्दा असा की काकिनाड्यात ज्यांना शिकवलं ते गावातले व्यावसायिक होते, हातावर हात ठेवून नोकरीची वाट बघणारे पदवीधर नव्हते.

अलीकडचा दाखलाही तसाच. आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. एका गटाला नेहमीचं हिशेब-मार्केटिंगचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं: अडचण येण्याआधी ओळखणं, शेजारच्यापेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधणं, नकार आला तरी पुन्हा जाणं. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्क्यांच्या आसपास दिसली, पण ती इतकी डळमळीत होती की संशोधकांना ती खात्रीनं सांगता आली नाही. जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर प्रशिक्षणामुळे विक्री सरासरी ५ टक्क्यांनी आणि नफा १० टक्क्यांनी वाढतो, असं चित्र येतं. वाईट नाही. पण ही वाढ बहुतांशी चालू धंद्यातली आहे. ज्याचा धंदाच नाही त्याचा नफा १० टक्क्यांनी वाढवायचा कसा?

हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. यातून निघतं ते इतकंच की वर्गात कोण बसतो यावर निम्मं काम ठरतं. माझा अनुभव असा की साठ-सत्तर पोरांत दहा-पंधरा तरी अशी असतात जी 'बेकार' म्हणवतात, पण गणपतीत मंडपाचं काम घेतात, मित्राच्या मोबाईल दुकानात बसतात, बापाच्या चार शेळ्यांची बकरी ईदला तीच विक्री करतात, सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राचे सौदे जमवून देतात. ही पोरं स्वतःला उद्योजक म्हणत नाहीत. तुम्ही त्यांना आधी गाठा.

निवड कशी करायची? मुलाखत घेऊ नका, मुलाखतीत सगळेच छान बोलतात. एक काम द्या. मी पिठाच्या चक्कीचं देतो, कारण ते प्रत्येक गावात आहे. समजा, एखाद्याला चक्की टाकायची आहे आणि तीन लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो साडेसहा हजार. जागेचं भाडं दोन हजार धरा, स्वतःचा पगार दहा हजार धरा. (हा पगार पोरं कधीच धरत नाहीत. धरायला लावा.) झाले साडेअठरा हजार. महिन्यात २६ दिवस चक्की चालली तर दिवसाला सातशेच्या वर सुटले पाहिजेत. दळणाचे किलोला पाच रुपये मिळाले, त्यातला एक विजेला आणि दगडाला टाकी लावायला गेला, तर उरले चार. म्हणजे रोज १८० किलो दळण. महिन्याचं साडेचार हजार किलोच्या वर जातं. पाच माणसांच्या घराला महिन्याला ४० किलो ज्वारी-गहू धरला तर सव्वाशेच्या जवळपास घरं तुमचीच गिऱ्हाईकं हवीत, एकही घर दुसऱ्या चक्कीवर जाता कामा नये.

आता पोराला सांगा: तुझ्या गावात घरं किती, चक्क्या किती, त्यातल्या कोणत्या बंद पडल्या आणि का, आणि ऊसतोडीला किती घरांना कुलूप लागतं, हे आठ दिवसांत लिहून आण. हा शेवटचा प्रश्न बाहेरच्या प्रशिक्षकाला सुचतच नाही. कळंब, भूम, वाशी आणि पलीकडे केज-पाटोद्याच्या भागात दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावच्या गावं रिकामी होतात. सहा महिने गिऱ्हाईकच गावात नसतं आणि हप्ता मात्र बारा महिने चालू असतो.

सत्तरपैकी वीस जणच कागद घेऊन परत येतील. बाकीच्यांना रागवू नका, त्यांनी स्वतःचंच उत्तर दिलेलं असतं. त्या वीस जणांत ज्याचा कागद चुलत्याला विचारून भरलेला दिसतो आणि ज्याच्या चपलेला धूळ दिसते, यातला फरक तुम्हाला, मुख्याध्यापक माणसाला, मी काय सांगणार?

पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी केला जाणारा. या वीस पोरांना वर्गात बसवण्याआधी तीन महिने दुसऱ्याच्या धंद्यावर बसवा.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीचं उदाहरण घ्या. बजाजचा कारखाना तिथे १९८५ मध्ये आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योग वाढले. त्यांच्या मालकांशी बोललात तर अनेक जण आधी कुठेतरी ऑपरेटर होते, सुपरवायझर होते, खरेदी विभागात होते असं कळेल. माल कुठे अडतो, नाकारला का जातो, बिल कधी निघतं, हे त्यांनी दुसऱ्याच्या पैशानं शिकून घेतलं होतं. लातूर-उदगीरच्या डाळ मिलांत आणि जालन्याच्या बियाणे-स्टीलच्या धंद्यांतही जुन्या पिढीची हीच वाट दिसते: आधी गुमास्ता, मग भागीदार, मग मालक. आपण मधल्या पायऱ्या काढून टाकल्या आणि पोराला थेट 'मालक हो' म्हणतोय.

तुमच्या भागात तीन महिने बसवता येईल अशी ठिकाणं भरपूर आहेत. भूमच्या बाजूला खव्याच्या भट्ट्या आहेत. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधातून किलोभर खवा निघतो, गायीचं दूध असेल तर जास्त लागतं; हे वर्गातही सांगता येतं. पण दूध घालणारा शेतकरी पाणी घालतो तेव्हा त्याला न दुखावता कसं सांगायचं, दिवाळीत भाव चढतो तेव्हा कोणाचा माल आधी जातो, खवा दोन दिवस अडकला तर काय करायचं, जळणाचा खर्च कुठे लपलेला असतो, हे भट्टीवरच कळतं. शेळीपालनाचंही तसंच. उस्मानाबादी शेळी जुळी करडं देते, काटक आहे, गाव-नावाला बाजारात मान आहे, त्यामुळे आपल्याकडे शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला तुडुंब गर्दी असते. पण मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प एकाच क्रमानं बुडाले: आधी कर्जातून पक्कं शेड, मग उरलेल्या पैशात बाजारातून एकदम पंचवीस शेळ्या, आणि चाऱ्याचा विचार एप्रिलमध्ये. पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस राहून गेली की एका आठवड्यात अर्धा कळप जातो. जो पोरगा तीन महिने चांगल्या पाळणाऱ्याकडे राबलेला असतो तो पाच शेळ्यांपासून सुरू करतो आणि शेड सगळ्यात शेवटी बांधतो.

फुकट कोणी ठेवून घेणार नाही आणि फुकट कोणी राबणारही नाही. इथे तुमचा पैसा वापरा. पोराला महिन्याला तीन हजार द्या. ज्याच्याकडे बसणार त्याला सांगा की याला झाडलोट करायला लावा, पण खरेदीला जाताना आणि वसुलीला जाताना बरोबर न्या. दोन्ही ठिकाणी नेत असेल तरच पोरगा पाठवा.

एक अडचण आधीच सांगतो. त्याच गावातला दुकानदार त्याच गावच्या पोराला धंदा शिकवत नाही, उद्याचा प्रतिस्पर्धी म्हणून. ते साहजिकच आहे. म्हणून कळंबचा पोरगा बार्शीला किंवा अंबाजोगाईला पाठवा, पोरगा एवढ्या लांबचा असला तर माणूस मोकळेपणानं शिकवतो.

हे झालं की मग वर्ग. आणि वर्गासाठी तुम्ही एक रुपयाही खर्च करू नका. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आपण तिला आरसेटी म्हणतो. कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळ ट्रस्ट आणि दोन बँकांनी मिळून १९८२ मध्ये जी संस्था काढली तिच्या नमुन्यावर या देशभर उभ्या राहिल्या. शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत. साधारण तीस-पस्तीस जणांची तुकडी. आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. तुमची वीस पोरं एकाच तुकडीत नाही बसणार, कारण खवा, शेळी, मोटार दुरुस्ती, शिलाई यांचे वर्ग वेगवेगळे असतात. पण तुम्ही निवडून, तीन महिने तापवून पाठवलेलं पोरगं तिथल्या प्रशिक्षकाला लगेच ओळखू येतं, आणि बँकेला त्याची शिफारस करताना त्याचाही हात थरथरत नाही.

आता कर्जाचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक पोरांच्या डोक्यात धंद्याची सुरुवात सबसिडीपासून होते. नवा धंदा काढणाऱ्याला कर्जावर सबसिडी देणाऱ्या दोन मोठ्या योजना आहेत. पीएमईजीपी केंद्राची, २००८ पासूनची. सीएमईजीपी राज्याची, २०१९ पासूनची. दोन्हींत सबसिडी १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान, ग्रामीण भागाला आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना जास्त. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५. अन्नप्रक्रिया असेल तर पीएमएफएमई ही केंद्राची योजना, सबसिडी ३५ टक्के, कमाल दहा लाख. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. त्यात आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं. मर्यादा आणि अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात एकदा विचारून घ्यायचं.

पण पोरांना दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली: सबसिडी हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेवीसारखी पडून राहते, धंदा चालू दिसला तरच कर्जात वळती होते. सबसिडीच्या भरवशावर बहिणीच्या लग्नाचा हिशेब मांडलेली पोरं मी पाहिलीत. दुसरी: बँक मशीनला पैसा देते, उधारीला देत नाही. आपल्याकडे पैसा वर्षातून दोनदा फिरतो, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर-हरभऱ्याचा. मधल्या महिन्यांत गाव उधारीवर चालतं. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या पोराकडे जुलैत गर्दी असते, काम होतं, आणि पैसे मिळतात "सोयाबीन निघाल्यावर". त्यानं तांब्याची तार मात्र रोख आणलेली असते. मशीन बंद पडून बुडालेले धंदे मी फार थोडे पाहिले, वहीतल्या उधारीत बुडालेले पुष्कळ. म्हणून प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाचा आकडा सीएनं टाकलेला आकडा नको, पोरानं गावचा पैसा कधी फिरतो ते बघून काढलेला हवा. आणि बँकेशी बोलताना विचारायचं की हप्ता सहामाही करता येईल का. काही शाखाधिकारी ऐकतात, काही नाही. पण विचारणारा पोरगा त्यांच्या लक्षात राहतो.

शाखाधिकाऱ्यांवर सगळे रागावलेले असतात. कधीकधी बरोबर असतं. छोट्या उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असूनही शेतीचा सातबारा मागितला जातोच. पण शाखेत एक माणूस, मागच्या लाटेतली मुद्रा योजनेची थकलेली कर्जं आणि समोर एजंटानं झेरॉक्स केलेले एकसारखे अहवाल, हे चित्रही लक्षात घ्या. 'फाइल करून देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून पोरांना दूर ठेवा. छोट्या उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, खाद्यपदार्थांची प्राथमिक नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. या दोन कागदांसाठी हजारो रुपये देऊन आलेली पोरं दर वर्गात भेटतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी काम देऊन वीस पोरं निवडा, तीन महिने दुसऱ्याच्या धंद्यावर बसवा, मग मोफत वर्ग, मग कर्ज. आता राहिली नंतरची दोन वर्षं.

पहिल्या वर्षात धंदा तीन वेळा बंद करावासा वाटतो. पहिला हप्ता थकतो तेव्हा, पहिली मोठी उधारी बुडते तेव्हा, आणि मित्राची पोलीस भरती होते तेव्हा. या तीन वेळी पोराच्या दुकानात जाऊन बसणारा माणूस हवा. सरकारी यंत्रणेला हे कागदावर करावं लागतं, पण एका माणसाकडे शेकडो नावं असतात आणि तो फोनवर "चालू आहे ना?" विचारून रकाना भरतो. तुमच्याकडे वीसच असतील. एक अर्धवेळ माणूस नेमा, शक्यतो धंद्यात पडून सावरलेला, फार शिकलेला नसला तरी चालेल. त्यानं महिन्यातून एकदा प्रत्येकाची वही बघायची, उपदेश करायचा नाही. वहीत चारच गोष्टी: काय आलं, काय गेलं, कोणाकडे किती अडकलंय, घरात किती नेलं. सगळ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं, तेही दुकानं बंद असतात त्या दिवशी.

तुमच्या प्रश्नात सगळीकडे 'मुलं' आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. त्याच गावांत शिकलेल्या सुना आहेत, डीएड-बीए झालेल्या, आणि त्या बेकारांच्या यादीत कोणी धरतच नाही. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण अभियानाच्या बचत गटांमुळे त्यांना दोन गोष्टी आधीच आलेल्या असतात, महिन्याला पैसे भरण्याची सवय आणि वही लिहिण्याची. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत बायकांच्या गटांनी घरबांधणीवर देखरेख केली आणि पुढे त्यातूनच अनेकींनी छोटे धंदे उभे केले, हे तुमच्या पिढीनं पाहिलंय. वीसात सात-आठ जणी घ्या. त्यांना तीन महिने बार्शीला पाठवता येणार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी धंदा शिकवणारी बाईच गावात आणावी लागेल. ती वेगळी सोय करा.

आता चार लाखांचा हिशेब. बाहेर बसणारी बारा-तेराच असली तरी हिशेब पंधरा जणांचा धरा: तीन महिने तीन हजार रुपये, झाले एक लाख पस्तीस हजार. घरी राहून शिकणाऱ्या बायकांसाठी शिकवणारीचं मानधन आणि साहित्य, तीस हजार धरा. अर्धवेळ माणसाला सहा हजार प्रमाणे चोवीस महिने, एक लाख चव्वेचाळीस हजार. प्रवास, फोन, वह्या पंचवीस हजार. साधारण साडेतीन लाखांच्या आत बसतं, उरतात साठ-पासष्ट हजार. हे पैसे पोरांना व्याजानं फिरवायची कल्पना कोणीतरी नक्की काढेल. नको. राज्यात २०१४ पासून सावकारीचा कडक कायदा आहे, आणि गावात पैसे अडकले की माणसंही तुटतात. त्याऐवजी हा पैसा पहिल्या ऑर्डरींवर घाला. शाळेचे गणवेश, गॅदरिंगचा फराळ, माजी विद्यार्थ्यांच्या घरी दिवाळीत जाणारे खव्याचे डबे, हे सगळं या पोरांकडून विकत घ्या, रोख पैसे देऊन आणि माल खराब असेल तर परत करून. सुरुवातीच्या काळात बक्षिसापेक्षा रोख गिऱ्हाईक जास्त उपयोगी पडतं. पुणे-मुंबईला असलेल्या तुमच्या माजी विद्यार्थ्यांना हे काम जमेल. भाषण द्यायला येण्यापेक्षा त्यांनी चार किलो खव्याची ऑर्डर द्यावी.

उरलेल्या पन्नास पोरांचं काय? त्यांनी उद्योजक व्हायलाच पाहिजे असं नाही, आणि त्यांच्यावर तसा दबाव आणणं मला अन्यायाचं वाटतं. वीसातले सात-आठ धंदे दोन वर्षं टिकले आणि प्रत्येकानं एक-दोन जणांना कामावर ठेवलं तर पंधराएक पोटं भागतील. कामगिरी चांगली आहे, पण गावाची बेकारी संपली असं कोणी म्हणू नये. पाणी, वीज, रस्ता आणि शेतमालाचा भाव ही कामं प्रशिक्षणाच्या आवाक्यातली नाहीत. आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवारीसाठी शेंद्रा-वाळूजकडे, जालन्याकडे पाठवा. तिथून चार वर्षांनी एखादा परत येऊन वर्कशॉप टाकेल, तो खरा तयार झालेला. भरतीचा अभ्यास करणाऱ्यांना सोडायला सांगू नका, पण वयाची एक मर्यादा घरच्यांबरोबर बसून ठरवायला लावा, आणि ती कागदावर लिहून घ्या.

सुरुवात कधी करावी, हेही विचारलंत. सोयाबीन विकून घरात पैसा आला की, म्हणजे दिवाळी झाल्यावर लगेच. तेव्हा लोक मोकळे असतात, चक्कीचं सर्वेक्षण नोव्हेंबरात होतं, तीन महिने बसवणं मार्चच्या आत संपतं, आणि नव्या आर्थिक वर्षात बँकांचे आणि उद्योग केंद्राचे नवे उद्दिष्टांक सुटतात तेव्हा तुमची पोरं रांगेत पुढे असतात.

पहिल्या बैठकीला मात्र पोरांना बोलावू नका. त्यांच्या बापांना आणि आयांना बोलवा, पारावर नाही तर शाळेत, जिथे तुमचा शब्द अजून चालतो. त्यांना एवढंच विचारा: तुमच्या लेकरानं तीन महिने दुसऱ्याच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या दुकानात काम केलं, तर चारचौघांत सांगायला तुम्हाला लाज वाटेल का? जे "नाही" म्हणतील त्यांची नावं लिहून घ्या. वीसची यादी बरीचशी तिथेच तयार होईल.